आप्पांच्या टोपीची नाडी

मे महिन्यात नांदेडला काय ऊन असतं, ते नांदेडकरालाच ठाऊक. कावळे चोच उघडी टाकून भिंतीच्या कडेला बसतात आणि माणसं डोक्याला ओला पंचा गुंडाळून फिरतात. अशा उन्हात आमचे शेजारी शिवलिंगआप्पा जाड कापडाची, पुढे छज्जा असलेली टोपी घालून, तिची नाडी हनुवटीखाली गच्च बांधून दारात उभे असायचे. तान्ह्या बाळाला कुंची बांधतात ना, अगदी तशी. गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाला हसू आवरायचं नाही. मलाही आवरलं नव्हतं.

लातूरची शाळा सोडून मी नांदेडच्या शाळेत मराठी शिकवायला आले, त्याला आता तीस वर्षं होतील. सामान लावून झालं आणि पहिल्याच रविवारी मी लोणच्याची बरणी दोन घरांमधल्या भिंतीवर उन्हात ठेवली. वळताना कोपर लागलं आणि बरणी पलीकडे गेली. आता फुटल्याचा आवाज येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. आवाज आलाच नाही. डोळे उघडले, तर साठी उलटलेला एक उंच, हडकुळा माणूस बरणी छातीशी धरून उभा होता आणि हनुवटीखाली टोपीची नाडी! मी तोंडाला पदर लावून हसले. त्यांनी बरणी भिंतीवरून माझ्या दोन्ही हातांत दिली, मी नीट धरली का ते पाहिलं आणि मगच स्वतःचे हात सोडले.

"नव्या आलाव का बाई? चिनीमाती हाय. पडू द्यायचं न्हाई."

हे "पडू द्यायचं न्हाई" मी पुढे हजारदा ऐकलं. भाजीवाल्याच्या पारड्यातून घरंगळलेलं लिंबू असो की कुणाच्या गच्चीवरून सुटलेला वाळवणाचा चिमटा, आप्पांचा हात आधी जायचा आणि मग त्यांचं लक्ष जायचं. त्यांच्या बायकोची, गंगाक्कांची, याबद्दल तक्रारच होती. "चाळीस वर्सं झाली बाई, ह्यांच्या घरात एक कप फुटला न्हाई. नवा जोड घ्यावा म्हणलं तर कारणच घावंना," असं त्या म्हणायच्या आणि आप्पा कान नसल्यासारखे पेपर वाचत बसायचे.

आप्पा मूळचे चाकूरचे. घर लिंगायत, किराणा-कापडाच्या दुकानाचं. निजामाच्या काळात वडिलांनी त्यांना शिकायला हैदराबादला ठेवलं. तिथं शिक्षण उर्दूतून झालं आणि शाळेच्या मैदानावर फुटबॉल चिकटला. पुढे खेळाडू म्हणून रेल्वेत लागले आणि नोकरी बहुतेक सगळी मुदखेडच्या आसपास काढली. त्या काळी न थांबणारी मालगाडी स्टेशनातून जायची, तेव्हा पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून एक मोठं लोखंडी कडं धावत्या गाडीतून खाली टाकायचे आणि खालच्या माणसानं ते खांद्यावर झेलायचं. इस्लापूरच्या बाजूला एका लहान स्टेशनावर आप्पांनी हे काम काही वर्षं केलं. बाकीच्यांचं कडं कधी रुळावर पडायचं, कधी झुडपात जायचं. आप्पांचं एकदाही खाली पडलं नाही. ड्रायव्हर म्हणे मुद्दाम वाकडं फेकून बघायचे.

हे सगळं मला गंगाक्कांनी सांगितलं. आप्पा स्वतःबद्दल बोलायचे, ते फक्त खाल्लेल्या गोलांबद्दल. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "कोलंबोचा दुसरा गोल. बॉल बोटाला लागून आत गेला. बोटं मोडली त्याचं काय न्हाई, गोल झाला बघा."

"कोलंबो? श्रीलंकेत? तुम्ही तिथं कशाला गेला होता?"

"खेळाया. देशाच्या टीमकडून."

माझा नांदेडमधला तिसरा की चौथा पावसाळा असेल तो. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि शेजारचा माणूस देशाचा गोलकीपर होता, हे मला असं वाकड्या बोटांवरून कळलं. पन्नासच्या दशकात आप्पा देशासाठी तीन सामने खेळले होते, दोन कोलंबोला आणि एक रंगूनला. मी खोदून खोदून विचारलं. कोलंबोत दोन, रंगूनला एक, असे तीन गोल त्यांना रोजच्या देवपूजेसारखे पाठ होते. वारा कुठून होता, समोरच्याचा कोणता पाय पुढे होता, सगळं. "आणि अडवलेले किती?" असं विचारलं, तर आप्पांनी हात झटकला. "अडवलेलं कोण मोजतंय बाई? अडवलं म्हंजे ते झालंच न्हाई. जे झालं तेवढं आपलं."

मी म्हटलं, हे कसलं गणित? मला राग लवकर येतो. शाळेत मुली मला पाठीमागे 'तिखटबाई' म्हणायच्या, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दिवशी नुसती हसले आणि सोडून दिलं. खरी आग लागली ती बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर. आमच्याकडच्या मैदानावर प्रवेशद्वाराजवळ एक मोठा बोर्ड लागला. जिल्ह्यातून देशासाठी खेळलेल्या खेळाडूंची नावं, पिवळ्यावर काळी. मी सकाळी फिरायला जाताना तो वाचला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. आप्पांचं नाव नव्हतं.

घरी न जाता मी थेट आप्पांच्या दारात गेले. ते टोपी बांधून खुर्चीत बसले होते. गंगाक्का वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि चहा ते स्वतः करून प्यायचे.

"आप्पा, बोर्ड पाहिलात?"

"हाव. पाहून राहिलो रोज. रंग बरा दिलाय."

"तुमचं नाव नाही त्यावर!"

"न्हाई," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गंगानं वाचलं असतं, तर बरं वाटलं असतं तिला. तिला वाटायचं, मी उगंच सांगतो खेळलो म्हणून."

बस्स. एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि मी पदर खोचला. हे नाव बोर्डावर लावल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं. आप्पांनाही ते हवं होतं. नंतर त्यांनी जे केलं ते पाहता मला कुणी म्हणेल, त्यांना हवंच नव्हतं. खोटं आहे ते. अर्ज लिहिला त्या दिवशी त्यांनी पांढरं धोतर नेसलं होतं आणि सही करताना तीनदा विचारलं, "नाव पूर्ण लिवायचं ना? वडलांचं पण येतं ना बोर्डावर?"

अर्ज केला की पुरावा लागतो. निवडीचं पत्र, संघाचा फोटो, प्रमाणपत्र, जे होतं ते मुदखेडच्या क्वार्टरमध्ये वाळवीनं खाल्लं होतं. मी दिल्लीला पत्रं पाठवली, कोलकात्याला पाठवली. एका ठिकाणाहून उत्तर आलं की इतके जुने कागद उपलब्ध नाहीत. बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. शेवटी आप्पांच्या ट्रंकेच्या तळाशी, एका पितळी डब्यात, घडी करून ठेवलेलं उर्दू वर्तमानपत्राचं एक कात्रण निघालं. फोटोसकट. मी आनंदानं उडालेच.

"वाचा आप्पा, काय लिहिलंय?"

आप्पांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलासारखं स्वच्छ वाचून, मला अर्थ सांगितला. रंगूनच्या सामन्यात सोपा बॉल गोलकडे आला, तेव्हा हिंदुस्तानच्या गोलकीपरनं बॉल सोडून स्वतःची टोपी पकडली. टोपी वाचली, सामना गेला.

फोटोत तेच होतं. हवेत उडी मारलेला एक उंच तरुण. एक हात वर, त्या हातात टोपी, आणि मागे जाळीत बॉल. वर केलेल्या हाताच्या कोपराआड चेहरा अर्धा झाकलेला. खाली नाव नव्हतं, नुसतं गोलकीपर. मी कपाळावर हात मारून घेतला. हा माणूस देशासाठी खेळला याचा जगात एकच पुरावा उरला होता आणि तो त्यांच्या फजितीचा होता.

"टोपी का पकडली हो?"

"पकडली. हात गेला."

"पण का?"

"त्याच्यानंतर मला कुणी बोलिवलं न्हाई," आप्पा म्हणाले आणि कात्रणाची घडी घालून टाकली. मी आणखी विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं, रागावून विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सहा महिन्यांनी लातूरच्या विभागीय क्रीडा कचेरीतून बोलावणं आलं. समितीपुढं अर्जदारानं समक्ष हजर राहावं. आम्ही आदल्या दिवशी एसटीनं लातूरला गेलो आणि आप्पांच्या लेकीकडे, शांताकडे, उतरलो. सकाळी आंघोळीनंतर आप्पा देवघरात पूजेला बसले. मी स्वयंपाकघरातून सहज पाहिलं, तर त्यांनी नाडी सोडून टोपी काढली होती. टोपीच्या आत शिवलेल्या कप्प्यातून त्यांनी इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले.

लिंगायत माणूस लिंग गळ्यात घालतो, एवढं मला माहीत होतं. शांताला विचारलं, तर ती भाकरी थापतच म्हणाली, "आप्पाचं पहिल्यापासून टोपीतच असतं. फुटबॉलमुळं. गोलकीपर छातीवर पालथा पडतो ना? लिंगाला बॉलचा मार बसायचा, चिखल लागायचा. आजोबा म्हणले, एक तर खेळ सोड न्हाई तर लिंगाची काही सोय बघ. मग चाकूरच्या स्वामींनी सांगितलं, शिरावर धर, शिर तर छातीहून वरचं हाय. आजीनं आपल्या खणाचा कपडा घेऊन टोपीत कप्पा शिवला आणि पडू नये म्हणून नाडी लावली."

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. म्हणजे रंगूनला टोपी उडाली, तेव्हा आप्पांनी टोपी पकडलीच नव्हती. त्या टोपीत त्यांचा देव होता. जमिनीला लागू द्यायचा नाही असा देव! साठ वर्षं हा माणूस फजिती झालेला गोलकीपर म्हणून जगला आणि एका वाक्यात सगळं पुसलं गेलं असतं. मी धावत देवघराच्या दाराशी गेले.

"आप्पा, हे आज समितीला सांगायचं. मी सांगते. रडतील ते लोक!"

आप्पांनी पूजा संपवली, लिंग कप्प्यात ठेवलं, टोपी घातली आणि नाडीला गाठ मारली. मग म्हणाले, "न्हाई बाई. देवाला गवाह म्हणून कचेरीत उभं करायचं न्हाई. गोल माझा हाय."

"अहो पण—"

"तुम्हाला माझी शपथ हाय."

आता या शपथेचं काय करायचं? रिक्षात मी सगळा रस्ता त्यांच्याशी भांडत गेले आणि ते दोन्ही हात मांडीवर ठेवून लातूर बघत बसले.

कचेरीत टेबलामागे तिघे होते. मधले साहेब तरुण होते, चांगले होते, हे मी मुद्दाम सांगते. मी रागीट असले तरी खोटारडी नाही. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. कात्रण पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"आजोबा, टोपी कशाला पकडली?"

मी पदराचं टोक मुठीत आवळलं.

"बॉलपेक्षा टोपी जवळ होती साहेब," आप्पा म्हणाले.

तिघेही हसले. आप्पाही थोडं हसले. मला त्या हसण्याचा जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

मग साहेबांनी भिंग घेतलं आणि फोटो नीट पाहिला. "यात नाव नाही, चेहरा धड दिसत नाही. हे तुम्हीच कशावरून?" असं म्हणता म्हणता ते थांबले. "एक मिनिट. टोपीच्या आत हे काय आहे? अस्तराला काठ दिसतोय. खणाचा काठ आहे हा. आणि नाडी लोंबतेय. अशी टोपी दुसऱ्या कोणत्या फुटबॉलवाल्याकडे असणार? आजोबा, ती टोपी आहे का अजून?"

"डोक्यावर हाय," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिलं. साहेब तर खुर्चीतून उठलेच. "मग काम झालं की! काढून द्या इकडे. अस्तर जुळवून बघतो, फोटो काढून फाइलला लावतो. पाच मिनिटांत तुमचं नाव मंजूर."

आप्पा हलले नाहीत.

"आजोबा, टोपी द्या."

"न्हाई."

मी "एक मिनिट साहेब" म्हणून त्यांना दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. हात जोडले. "आप्पा, मी काही बोलले नाही आत. तुमची शपथ पाळली. आता माझं ऐका. इथं आडोशाला उभे राहा, लिंग काढून हातात धरा आणि नुसती टोपी आत द्या. पाच मिनिटं. कुणाला काही कळणार नाही."

आप्पा व्हरांड्याच्या खांबाला टेकले. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"बाई, तुम्हाला शांतानं अर्धंच सांगितलं. तिला बी अर्धंच ठाव हाय. रंगूनला टोपी उडाली, कारण मी नाडी बांधली नव्हती. अव्वानं, माझ्या आईनं लावलेली नाडी. कोलंबोत पोरं मला हसली होती, बाळंतीण म्हणली होती. रंगूनला लई पब्लिक, गोरे लोक बी होते. मला लाज वाटली. म्हणलं, आजचा दिवस राहू दे. वर उडी मारली आन् टोपी सुटली. दोन हात होते. देव धरला, बॉल गेला. त्यात देवाचा काय कसूर? टोपी धरली ते बरोबर केलं. नाडी सोडली ते चुकलं."

मी त्यांच्या हनुवटीखालच्या गाठीकडे पाहिलं.

"एकदा लोक हसतील म्हणून नाडी सोडली," आप्पा म्हणाले, "आता लोक शाबास म्हणतील म्हणून सोडू?"

मी आणखी चिडले. आत येऊन आप्पांनी साहेबांना नमस्कार केला, पाण्याचा रिकामा पेला टेबलाच्या कडेवरून आत सरकवून ठेवला आणि बाहेर पडले. कागदावर शेरा पडला की अर्जदाराने पुरावा सादर करण्यास नकार दिला. साहेबांचा तरी काय दोष? त्यांना दिसलं तेच त्यांनी लिहिलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. अहमदपूर गेल्यावर न राहवून म्हटलं, "आप्पा, त्या बोर्डावर तुमचं नाव नाही, ते फक्त तुमच्यामुळे."

"हाव," आप्पा म्हणाले. "ह्यो बी गोल माझाच."

त्यानंतर पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. माझी दोन वर्षांची खटपट त्यांनी पाच मिनिटांत मातीत घातली होती. भिंतीपलीकडे त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी रेडिओ मोठा करायची. सोळाव्या दिवशी भिंतीवरून हाक आली. "बाई, लोणचं घातलं का न्हाई अवंदा? बरणी ठिवा उन्हात. उभा हाय मी हिकडं." मला हसू आलं आणि रडूही आलं. मी बरणी भिंतीवर ठेवली.

त्यानंतर आप्पा चार वर्षं होते. बोर्डाचा विषय आम्ही काढला नाही. सकाळी ते मैदानाकडून फिरून यायचे आणि बोर्डाचा रंग कुठं उडाला, कुठल्या नावाची मात्रा पुसली, ते मला सांगायचे. एकदा म्हणाले, "खालती एका नावापुरती जागा हाय अजून." मी आत निघून गेले.

गेल्या थंडीत, सकाळी पूजा करून टोपी बांधून खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. शांतानं त्यांना चाकूरला नेलं, त्यांच्या शेतात समाधी द्यायला. मीही गेले. लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. अंगणात आप्पांना मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला विभूती, भोवती बेलाची पानं. स्वामी म्हणाले, लिंग हातात द्यायचंय, टोपी काढा. शांतानं गाठ सोडायला हात घातला, पण गाठ सुटेना. कुणीतरी म्हणालं, कात्री आणा.

"कात्री नको," मी म्हणाले आणि पुढे झाले.

गाठ बारीक होती, घट्ट होती. रोज सकाळी त्याच जागी मारून मारून नाडीला तिथं वळ पडला होता. मी नखानं एकेक पेड सैल करत ती सोडवली. स्वामींनी कप्प्यातून लिंग काढलं, आप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटली. शांतानं टोपी माझ्या हातात दिली. "बाई, तुमच्यापाशी राहू द्या. तुम्ही लई भांडलाव तिच्यासाठी."

आणि मी तेच केलं, जे माझ्यासारखी बाई करणार. महिनाभरानं टोपी स्वच्छ रुमालात गुंडाळली, कात्रण घेतलं आणि लातूर गाठलं. आता काय अडचण होती? कप्पा रिकामा होता. देव आप्पांबरोबर गेला होता. शपथसुद्धा संपली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

कचेरीत साहेब नवे होते. त्यांनी जुनी फाइल शोधली, फोटो काढला, भिंग लावलं. मी रुमाल सोडून टोपी उलटी धरली. खणाचा काठ, काठावरची टाक्यांची वाकडी ओळ, नाडी जिथून निघते तिथलं चौकोनी ठिगळ, सगळं जसंच्या तसं. "जुळलं बाई," साहेब म्हणाले. "शंकाच नाही. तेच आहेत हे." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी त्यांना म्हटलं, "वडलांचं नाव पण येतं ना बोर्डावर?"

"येतं की. आता ही टोपी इथं जमा करा. मूळ पुरावा फाइलसोबत वर जातो."

"फोटो काढून घ्या ना. मागच्या साहेबांनी फोटोवर भागेल म्हणून सांगितलं होतं."

"मागचं मागे. आता मूळ वस्तू लागते."

"परत कधी मिळेल?"

साहेब कंटाळले होते. "सांगता येत नाही. गहाळही होते कधी कधी. पण बाई, आता ते गेले. जुन्या टोपीचा कुणाला काय उपयोग? नाव तर लागेल."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी स्वतः व्हरांड्यात उभी राहून आप्पांना हेच तर सांगितलं होतं. खोलीच्या कोपऱ्यात फाइलींचा ढीग होता. वरच्या घसरून खाली आल्या होत्या आणि त्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांची धूळ होती. साहेबांनी हात पुढे केला. "द्या इकडे."

"न्हाई," मी म्हणाले.

माझ्या तोंडून आप्पांचाच शब्द गेला. साहेबांना वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं. मी टोपी रुमालात गुंडाळली, छातीशी धरली आणि बाहेर पडले. मागे ते कारकुनाला काहीतरी लिहायला सांगत होते. काय लिहिलं असेल ते मला पाठ आहे.

बोर्डावर आप्पांचं नाव नाही. मी रोज तिथून जाते आणि रोज माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आधी कचेरीचा राग येतो, मग आप्पांचा, आणि आता माझा स्वतःचाही. खाली एका नावापुरती जागा अजून आहे. टोपी माझ्या घरी खुंटीला असते. कप्पा रिकामा आहे, खोलीत वारा नाही आणि हसायला कुणी येत नाही. तरी केर काढताना मी तिच्याकडे बघते आणि नाडी सैल झाली असली, तर पुन्हा बांधते.